चुन्याची रेघ

नमस्कार श्रोतेहो. गावठाणातलं जुनं घर उतरवून नवं बांधायचं मनात असेल, तर आज थोडा वेळ रेडिओजवळ बसा.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुन्हाही सांगेन. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा. बांधकामासाठी मालकीचा कागद लागतो.

माझ्या मामाचं घर सातारा जिल्ह्यात. दगडमातीच्या भिंती, वर कौलं. शेजारी त्याच्या चुलतभावाचं घर, मध्ये दोन हातांचा बोळ. पागोळ्या कुणाच्या हद्दीत पडतात यावरून तीस वर्षं बोलणं बंद. मग गावात स्वामित्व योजनेची मोजणी आली, म्हणजे ड्रोननं गावठाणातल्या घरांची हद्द मोजून मालकीचा कागद देतात ती. ड्रोन उडायच्या आधी हद्दीवर चुन्याची फक्की मारावी लागते, वरून फोटोत तीच रेघ दिसते. आदल्या संध्याकाळी दोघांनी ग्रामसेवकासमोर, एकमेकांकडे न बघता, बोळाच्या मधोमध रेघ कबूल केली. पहाटे म्हैस सुटली आणि नेमकी त्या रेघेवर बसली. अर्धा चुना म्हशीच्या पोटाला! मामी घमेल्यात चुना घेऊन आली आणि थबकली. एकटीनं रेघ ओढली तर "सरकवली" म्हणून पुन्हा भांडण. तिनं बोळातूनच हाक मारली, "भाऊजी, सुतळीचं दुसरं टोक धरता का?"

ते बाहेर आले. काही न बोलता सुतळी बोटाला गुंडाळली आणि मागच्या कोपऱ्यावर जाऊन बसले. मामी चुना सोडत गेली. ती जवळ पोचली तेव्हा म्हणाले, "वहिनी, कोपऱ्यावर जरा जाड टाका. वरून दिसलं पाहिजे."

त्याच रेघेवर दोन्ही घरांच्या सनदा, म्हणजे मालकीचे कागद, झाल्या. मामाच्या परवानगीत हद्दीचा प्रश्न उठलाच नाही.

आता नियम. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनंतर गावात साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवरच्या घराला वेगळी परवानगी लागत नाही. पण मालकीचा कागद, मोजणी नकाशा, घराचा नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, विकास शुल्क भरायचं. त्यापुढे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी ग्रामपंचायतीनं दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं आहे. कागद दिले की पोच घ्या. तारखेची, सहीशिक्क्याची पोच.

आणि नकाशा काढताना ओसरी ठेवा हो! हल्ली स्लॅबच्या घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं. पावसात आलेल्या माणसानं चपला कुठे काढायच्या, म्हातारीनं शेंगा निवडत कुठे बसायचं? चार फूट ओसरी घराला माणसात ठेवते.

तर पुन्हा सांगतो, घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. सनद किंवा मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आधी हातात घ्या, वारसांची नावं तपासा, मगच कौलं उतरवा.

मामानं नवा पाया रेघेपासून दोन फूट आत घेतला, पागोळ्या आपल्याच अंगणात पडाव्यात म्हणून. पाया भरायच्या दिवशी नारळ चुलतभावानं आणला होता.