नफा झाल्यावर जास्त सांभाळा

नमस्कार मंडळी. आज शेअर बाजारावर बोलायचंय, पण कुठला शेअर घ्या ते नाही सांगणार, तो घेताना आपल्या डोक्यात काय चाललेलं असतं ते जरा बघूया.

पहिले दोन-तीन सौदे फायद्यात गेले ना, की आपल्याला वाटायला लागतं मार्केट कळलं आपल्याला. अहो, तेव्हा बाजारच वर चाललेला असतो, सगळ्यांचेच शेअर वाढत असतात, पण नफ्याचं क्रेडिट आपण घेतो आणि तोटा झाला की दोष बाजाराचा. मला ह्याच काळाची जास्त काळजी वाटते, कारण तोट्यात माणूस निदान घाबरून हात आखडता घेतो, नफ्यात मात्र रक्कम वाढवतो, उधारीचे पैसेसुद्धा लावतो.

अमेरिकेत ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन ह्या दोन अभ्यासकांनी १९९१ ते १९९६ मधली ६६ हजारांहून जास्त कुटुंबांची शेअरची खाती तपासली. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले, आणि सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या हातात पडले ११.४. शेअर निवडण्यात ते फार चुकले असंही नाही, दर सौद्याला जो खर्च होतो ना, ब्रोकरेज म्हणजे दलाली वगैरे, त्यातच पैसे गेले.

आता दुसरी बाजू. शेअर पडला की आपण म्हणतो, घेतलेल्या भावाला येऊ दे, मग काढतो. शंभराचा पन्नास झालेला शेअर परत शंभर व्हायला दुप्पट व्हावा लागतो, हा हिशोब आपण करतच नाही, कारण विकलं की चूक कबूल करावी लागते आणि ते फार जड जातं. अशा वेळी स्वतःला एकच विचारा, आज हातात रोख पैसे असते तर हाच शेअर ह्याच भावाला मी घेतला असता का?

आणि एक वही ठेवा, साधी. घेण्याआधी तारीख टाकून लिहा, का घेतोय, किती घेतोय, काय झालं तर विकणार. नंतर लिहून उपयोग नाही बरं का, कारण भाव वाढला की 'मला तेव्हाच माहीत होतं' असं आपल्याला अगदी मनापासून वाटतं. सहा महिन्यांनी मी माझीच वही वाचली तेव्हा कळलं, नफा झालेल्या निम्म्या सौद्यांत मी लिहिलेलं कारण खरं ठरलंच नव्हतं, भाव भलत्याच कशाने तरी वाढला होता.