नवतपा, दुपट्टा आणि माझा सफारी

श्रोतेहो, नमस्कार. नवतपा लागलाय. 25 मेपासूनचे हे नऊ दिवस म्हणजे काय, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. अशा उन्हात अंगावर काय घालावं यावर आज बोलायचंय. एका वाक्यात सांगतो: सुती, सैल आणि अंगभर. झालं. आता सफारीची गोष्ट ऐका.

1982 साल. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात मावसभावाचं लग्न. मे संपत आलेला आणि मुहूर्त दुपारी बाराचा. (असले मुहूर्त काढणाऱ्यांना वरातीत अनवाणी चालवावं, हे माझं जुनं मत. असो.) मी नुकता नोकरीला लागलो होतो. पहिल्या पगारात टेरिलीनचा, म्हणजे पॉलिस्टरचा, सफारी सूट शिवला होता, चॉकलेटी, अंगासरशी. इस्त्री मोडत नाही म्हणून कोण कौतुक! मामा मात्र धोतर, ढगळ बंडी, डोक्या-कानाला ओला दुपट्टा आणि खिशात कांदा अशा थाटात आलेले. मला त्यांची लाज वाटली, खोटं कशाला बोलू. बाकी त्या कांद्यावर माझा आजही विश्वास नाही. दुपट्ट्यावर आहे.

मारुतीच्या देवळापासून मांडव फर्लांगभर. बँडवाल्यांनी तेवढ्यालाच तासभर लावला. पाठीवरून घाम ओघळत होता, पण सफारी वरून कोरडा ठणठणीत. आणि एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आलो तो कडुलिंबाखाली, रांजणाशेजारी. रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. मामांनी ओगराळंभर पाणी माझ्या बाहीवर ओतलं. ते मोती घरंगळावेत तसं खाली गेलं. दुसरं ओगराळं त्यांनी स्वतःच्या धोतरावर ओतलं. ते तिथंच मुरलं.

मामा म्हणाले, "पाह्य. हे कापड हाये का ताडपत्री? पाणी पेत नाही तं घाम काय पेईन?"

मांडवामागं नेऊन त्यांनी मला त्यांचंच जादा धोतर नेसवलं, वर बंडी चढवली. लग्नाच्या फोटोत मी तसाच उभा आहे.

आता त्यातलं शास्त्र थोडक्यात, कारण वेळ मीच खाल्लाय. सुती कापड घाम पितं, वारा तो उडवतो, आणि उडता उडता तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते असंच. टेरिलीन घाम पीतच नाही. म्हणून सुती. मध्ये वारा खेळावा म्हणून सैल.

आणि अंगभर का? आपली कातडी साधारण पस्तीस अंशांची. बाहेर हवा पंचेचाळीस अंशांची असली, तर तो वारा उघड्या, कोरड्या कातडीला गार करत नाही, भाजतो. म्हणून उघडे दंड आपल्याकडे कामाचे नाहीत. मुंबई-कोकणात गोष्ट वेगळी, तिथल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. तिथं आखूड बाह्या खुशाल घाला. वऱ्हाडात मात्र पुन्हा तेच: सुती, सैल, अंगभर. पोरांच्या शाळेच्या टाया तर उन्हाळ्यात पेटीत कुलूप लावून ठेवाव्यात. गळा आवळून कुणी हुशार झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

नवा सुती सदरा घेतलात तर आधी दोनदा धुवा, खळ निघू द्या. खळीचं कापड पाणी नीट पीत नाही. कडक कांजीची हौस दिवाळीला पुरवा. बाहेर पडताना दुपट्टा ओला करून, पिळून बांधा, आणि वाळला की पुन्हा भिजवा. ओलाच हवा, हे विसरू नका.

आईनं त्या सफारीतून बाजाराच्या दोन पिशव्या शिवल्या. अजून फाटल्या नाहीत. नमस्कार.