मेल जाईना

(दृश्य : भट्टी. रस साच्यात ओतला जातोय. मूळ आवाज तसाच ठेवावा, निवेदन थोडं उशिरा सुरू करावं.)

कोल्हापूरजवळची शिरोली औद्योगिक वसाहत. भट्टीतला वितळलेल्या धातूचा रस साच्यात उतरतो, निवतो आणि त्याचं पंपाचं किंवा ट्रॅक्टरचं कास्टिंग होतं. पण भट्टी पेटण्याआधी ऑर्डर यावी लागते आणि या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ती मेलवर येते. ड्रॉइंग मेलवर, कोटेशन मेलवर, ट्रक गेटबाहेर पडला की चलनाची प्रतही मेलवर.

(दृश्य : जिन्याखालची खोली. रॅक, यूपीएस, हिरवे दिवे.)

हा सगळा मेल सांभाळणारं मशीन इथे आहे, जिन्याखाली. कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, त्यावर मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि ज्याचा मेलबॉक्स त्याला उघडून देणारं डोव्हकॉट. पोस्टफिक्स हे वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं आणि १९९८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. एक पैसा लायसन्स फी नाही. लागतं ते फक्त त्याच्याकडे रोज बघणारं माणूस. इथे ते माणूस एकच आहे. सगळे त्यांना मॅडम म्हणतात.

(दृश्य : मॅडम फोनवर.)

"मॅडम, मेल जाईना बघा."

सोमवारी सकाळचा हा पहिला फोन. मॅडम दोनच गोष्टी विचारतात. कुणाला पाठवला, आणि किती वाजता? मेल न जाण्याची कारणं पुष्कळ असतात. डिस्क भरलेली असते, नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारं डीएनएस उत्तर देत नसतं, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते. पत्ता आणि वेळ हाताशी असली की अंदाज बांधत बसावं लागत नाही, लॉगमधली, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमधली, ती नेमकी ओळ काढता येते.

(दृश्य : पडदा अगदी जवळून. बोट एका ओळीवर.)

ही ती ओळ. सर्व्हरने प्रत्येक मेलला स्वतःचा एक क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक धरून मागे गेलं, की कोणी लॉगिन केलं, कुठून केलं, मेल रांगेत कधी लागला आणि समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिलं, ते क्रमाने दिसतं. उत्तराचा आकडा ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती. पोस्टफिक्स काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतं, मग अंतर वाढवत जातं आणि सेटिंग बदललेलं नसेल तर पाच दिवसांनी हार मानून मेल परत करतं. आकडा ५ ने सुरू झाला तर दार बंद.

इथे आकडा आहे ५५४. पुढे कारण लिहिलंय : तुमचा आयपी पत्ता स्पॅमहाउसच्या यादीत आहे. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा मशीनचा क्रमांक. स्पॅम, म्हणजे न मागितलेले घाऊक मेल, ज्या पत्त्यांवरून येतात त्यांची यादी स्पॅमहाउस ही संस्था ठेवते. त्या यादीतल्यांचे मेल बरेच सर्व्हर घेत नाहीत.

लॉग खरं सांगतो. १ जानेवारी २०२२ ला जगभरात कंपन्यांनी स्वतःकडे चालवलेल्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरवर मेल रांगेत अडकले. व्हायरस तपासणीच्या नव्या फाइलचा क्रमांक तारखेवरून बनवलेला होता, २,२०,१०,१०,००१. तो साठवायच्या जागेत २,१४,७४,८३,६४७ च्या वरची संख्या मावत नव्हती. तपासणी बंद पडली आणि मेल जागच्या जागी थांबले. हा आकडा वाचता येत नाही, असं त्या सर्व्हरच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या सुट्टीच्या दिवशी ज्या कंपन्यांत नोंदी उघडून बघणारं कोणी होतं, त्यांना कारण शोधत बसावं लागलं नाही.

(दृश्य : काळा पडदा. यादी वर सरकत राहते. किमान दहा सेकंद.)

मॅडम 'मेलक्यू' टाइप करतात. रांगेत थांबलेले मेल दाखवणारी ही आज्ञा. यादी थांबत नाही.

पाठवणारा एकच, अकाउंट्स विभागातला एक पत्ता. घेणारे कारखान्याशी कसलाही संबंध नसलेले, वेगवेगळ्या देशांतले. लॉगिन रात्रीचे, परदेशी आयपीवरून. पासवर्ड मात्र बरोबर. 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे लॉगिन करा' अशा एका पानावर तो दिला गेला होता.

हे होऊ शकतं, कारण मेलचा पाया विश्वासावर घातलेला आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल कसा द्यायचा याचे, नियम लिहिले, तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. पाठवणाऱ्याने आपलं जे नाव सांगितलं, ते खरं मानायचं. पडताळणीची सोय पुढे वरून जोडली गेली : या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारं एसपीएफ, मेलवर डिजिटल सही करणारं डीकेआयएम आणि पडताळणीत न बसलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं डीमार्क. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. या कारखान्यात तिन्ही आधीपासून आहेत, मॅडमनी बसवलेल्या. पण पासवर्डच दुसऱ्याच्या हाती गेला की स्पॅमवरही कारखान्याचीच सही उमटते.

(दृश्य : कीबोर्डवरचे हात. संगीत नको.)

आता साफसफाई. हिच्यात क्रम महत्त्वाचा. रांग पुसायची घाई करायची नाही. आधी ते खातं बंद. मग त्या खात्याची उघडी असलेली सगळी लॉगिन तोडायची, कारण नुसता पासवर्ड बदलून आत बसलेला बाहेर जात नाही. मग सगळी रांग 'होल्ड'वर, म्हणजे आहे तिथेच थांबवून ठेवायची. खरी कोटेशनंही त्याच गर्दीत अडकलेली आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये. मग त्या एका पाठवणाऱ्याचे मेल निवडून काढायचे, त्यांच्यामुळे तयार झालेले बाउन्स, म्हणजे 'मेल पोचला नाही' असे परतीचे मेलही काढायचे आणि उरलेले हळूहळू सोडायचे.

एवढ्यावर बरेच जण थांबतात. मॅडम थांबत नाहीत. त्या मेलबॉक्समधले नियम उघडतात.

(दृश्य : नियमांची खिडकी. दोन ओळी.)

तिथे एक नियम आहे, अकाउंट्सने न लावलेला. विषयात 'पेमेंट' किंवा 'इन्व्हॉइस' असलेल्या प्रत्येक मेलची प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर जात होती. हा तसाच राहिला असता तर पासवर्ड बदलूनही प्रती जातच राहिल्या असत्या. मॅडम त्याचा फोटो काढून ठेवतात, मग नियम काढतात आणि बँक खात्याबद्दल आलेला कुठलाही मेल फोन केल्याशिवाय खरा धरू नका, असं अकाउंट्सला आणि सगळ्या ग्राहकांना कळवतात.

अकाउंट्समधल्या ताईंना त्या रागावत नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि नवा पासवर्ड घालून देतात.

(दृश्य : दोघी पडद्यासमोर. निवेदन नाही.)

कारण दूर केल्यावरच स्पॅमहाउसच्या यादीतून नाव काढायची विनंती करायची. नाहीतर पत्ता पुन्हा यादीत जातो. विनंती मंगळवारी मान्य झाली. तोवर एक काम दुसऱ्या फाउंड्रीला गेलं होतं.

(दृश्य : डिस्पॅच. कास्टिंग ट्रकमध्ये चढतायत.)

आता एका खात्यावरून तासाला किती मेल जातील यावर मर्यादा आहे. लॉगचा गोषवारा रोज सकाळी आठ वाजता मॅडमच्या मेलबॉक्समध्ये पडतो. सुट्टीच्या दिवशीही तो त्याच वाचतात, कारण वाचणारं दुसरं कोणी नाही. मदतीला आणखी एक माणूस हवं, अशी मागणी त्यांनी लेखी दिली आहे. हे चित्रीकरण संपेपर्यंत तिच्यावर निर्णय झालेला नव्हता.