गिब रिव्हर रोड: सायकल, धूळ आणि नदीकाठ

श्रोतेहो, नमस्कार. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात किंबर्ली नावाचा प्रदेश आहे. तिथे पूर्वेच्या कुनुनुरा गावाच्या बाजूने पश्चिमेच्या डर्बी गावाकडे जाणारा गिब रिव्हर रोड हा सुमारे 660 किलोमीटरचा रस्ता आज आपण सायकलच्या सीटवरून बघणार आहोत. दोन्ही टोकांना डांबर आहे, मधला बराचसा भाग कच्चा. मात्र या रस्त्याचं खरं वैभव नद्यांत आहे. त्यामुळे रोजचा मुक्काम किलोमीटर मोजून ठरवू नका, पाणी कुठे आहे ते बघून ठरवा.

जायचं मे ते ऑगस्टमध्ये. तिथल्या पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, रस्ता बंद असतो, आणि सप्टेंबरनंतर उकाडा इतका वाढतो की सायकल चालवणं धोक्याचं होतं. दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवा. कोरड्या महिन्यांत वारा बहुधा आग्नेयेकडून वाहतो, म्हणजे तो पाठीशी राहतो. सामान भरलेल्या सायकलला या वाऱ्याची मदत फार मोलाची असते.

कच्चा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा असतो. गाड्यांची चाकं उसळून आपटत राहिल्याने त्या आडव्या लाटा तयार होतात. जास्तीत जास्त नुकसान इथेच होतं: कॅरिअरचे बोल्ट ढिले होऊन पडतात, मागच्या चाकाचे स्पोक गिअरच्या बाजूने तुटतात, पॅनिअरचे, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशव्यांचे, हुक झिजतात. बोल्टवर आधीच थ्रेडलॉकर, म्हणजे आटे घट्ट धरून ठेवणारा डिंक, लावा, रोज संध्याकाळी एकेक बोल्ट किल्लीने तपासा. जादा पाच मिलिमीटरचे बोल्ट, मापाचे चार-सहा स्पोक आणि भरपूर केबल टाय जवळ ठेवा. टायर 2.4 ते 2.6 इंची घ्या. हवा पुढे 20 ते 25 आणि मागे 25 ते 30 पीएसआय एवढीच ठेवा. हवा जास्त भरली तर सगळे हादरे सांध्यांना आणि कॅरिअरला बसतात. काठावर सायकल लावाल तिथे आपल्याकडचाच सराटा असतो, म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, हवंच. तांबडी धूळ ओल्या तेलाला चिकटून चेन खाते, तेव्हा चेनला मेणाचं कोरडं वंगण लावा. आणि पुण्या-मुंबईहून स्वतःची सायकल नेणार असाल तर टायरच्या खाचांतली माती ब्रशने पार काढा. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर विमानतळावर सायकलची तपासणी होते.

कुनुनुराहून निघाल्यावर भरवशाचं दुकान म्हणजे माउंट बार्नेटचं रोडहाउस, जवळपास 400 किलोमीटरवर. वाटेतल्या पशुपालन केंद्रांवर काही मिळालं तर उत्तमच, पण त्यावर विसंबू नका. कच्च्या रस्त्यावर दिवसाला 40 ते 60 किलोमीटर होतात, म्हणून आठ-नऊ दिवसांचं कोरडं खाणं सोबत हवं, माणशी रोज 600 ते 700 ग्रॅम. पाणी दहा लिटर वाहता येईल एवढ्या पिशव्या घ्या. नदीचं पाणी गाळून उकळा, कारण वरच्या अंगाला गुरं चरत असतात. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा उपग्रहाला संकेत पाठवणारा आपत्कालीन बीकन बरोबर असलाच पाहिजे.

आता नद्यांकडे वळू. पहिलीच मोठी नदी पेंटेकोस्ट, आणि तिच्यात खाऱ्या पाण्याच्या मगरी आहेत. हे नाव फसवं आहे. ही मगर गोड्या पाण्यातही खूप आतवर येते आणि माणसाला भक्ष्य मानते. पेंटेकोस्ट सायकल ढकलत पायी ओलांडू नका. काठापासून दूर थांबून एखाद्या चारचाकीवाल्याला विनंती करा आणि सायकलसकट गाडीतून पार व्हा. तंबू पाण्यापासून निदान 50 मीटर लांब आणि उंचावर लावा. पाणी भरायला रोज त्याच जागी, त्याच वेळी जाऊ नका, कारण मगर सवय ओळखते.

मगरीची दुसरी जात गोड्या पाण्याची: अंगाने सडपातळ, नाकाड अरुंद, नर क्वचितच तीन मीटरपर्यंत. ती माणसाला टाळते, पण डिवचली तर चावते. सांगलीला कृष्णेत दिसते ती मगर या दोन्हींहून वेगळी. इथल्या मगरी बघण्याची उत्तम वेळ सकाळी नऊ ते अकरा, ऊन खायला त्या वाळूवर येतात तेव्हाची. म्हणून सकाळी लवकर पॅडल मारायची सवय इथे थोडी मोडावी लागते. रात्री उंच काठावरून टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरा, पाण्यावर मगरींच्या डोळ्यांचे लाल ठिपके चमकतात.

काठाला केवड्याच्या कुळातल्या पँडॅनसची दाट बनं असतात. त्यात जांभळ्या मुकुटाची फेअरी-रेन ही चिमुकल्या पक्ष्याची जात राहते. ती या बनांशिवाय जगत नाही आणि गुरांनी बनं तुडवली की नाहीशी होते. सायकल त्यातून ओढत नेऊ नका, मोकळ्या वाटेने पाण्याकडे जा. पाण्यावर झुकलेल्या फांदीखाली पाच-दहा मिनिटं नजर ठेवा. आर्चरफिश पाण्याची पिचकारी मारून पानावरचा किडा खाली पाडतो. वर समुद्र गरुड घिरट्या घालतो, आपल्या कोकण किनाऱ्यावर दिसतो तोच. 8 बाय 32 ची दुर्बीण पुरे, आणि ती हँडलबारच्या पिशवीतच ठेवा. पॅनिअरच्या तळाशी गेलेली दुर्बीण कधी बाहेर निघत नाही.

मुख्य रस्त्यापासून सुमारे 20 किलोमीटर आत बांदिलंगन, म्हणजेच विंजाना घळ आहे. एके काळच्या समुद्रातल्या प्रवाळभिंतीचा चुनखडक लेनार्ड नदीने कापला आहे, आणि तिथल्या डोहांत गोड्या पाण्याच्या मगरी मोठ्या संख्येने दिसतात. 1935 मध्ये क्वीन्सलँडमध्ये सोडलेले केन टोड जातीचे विषारी बेडूक पसरत इथवर आले, आणि ते खाऊन मगरी मरू लागल्या. मग बुनुबा या इथल्या मूळ रहिवासी समाजाचे रेंजर आणि शास्त्रज्ञ यांनी विषारी भाग काढलेल्या मेलेल्या बेडकांत मळमळ आणणारं रसायन भरून ते काठावर लटकवले. एकदा पोट ढवळलं की मगर पुढे बेडकाला तोंड लावत नाही. या उपायाने मृत्यू खूप घटले. रेंजर भेटले तर जरूर बोला. त्यांच्याइतकी ही नदी कुणाला ठाऊक नाही.

घळीतून परतल्यावर डर्बी साधारण 120 किलोमीटर राहते, बहुतेक डांबरी. टायरमध्ये हवा पुन्हा भरा, पाणी काठोकाठ घ्या आणि पहाटेच निघा, कारण या टप्प्यात सावली फार विरळ आहे.