रतलामीचं बिऱ्हाड

(दृश्य : सकाळ. लोकमान्य नगरातली गल्ली. लांबून लाउडस्पीकरवरचं गाणं.)

इंदुरात सकाळ झाली हे घड्याळ बघून कळत नाही. गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, फाटकं वाजतात, ओला आणि सुका असे डबे घेऊन माणसं बाहेर येतात. या गल्लीत मात्र गाडीच्याही आधी एक सूर लागतो.

(दृश्य : रतलामी मान वर करून गाण्याबरोबर ओरडतो. अकरा सेकंद निवेदन नाही.)

हा रतलामी. वय सहा, जात गावठी. अंगाचा रंग थेट रतलामी शेवेचा, म्हणून हे नाव. पण शेव त्याच्या वाट्याला येत नाही. मीठ आणि तिखट त्याला सोसत नाही. त्याची पोह्यांची बशी निराळी असते, कांदा न घातलेली. कांदा पोटात गेला की कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. मग तो वरून भुरभुरलेला असो नाहीतर फोडणीत शिजलेला. इंदुरात कांद्याशिवाय पोहे खाणारा बहुधा हा एकटाच असेल.

बशी इतक्या जवळून दाखवायचं कारण आहे. ती पुढे पुन्हा येणार आहे.

(दृश्य : ओसरी. आजी निवडणं करताहेत. मागे बांधलेली खोकी.)

गौरी-गणपतीत घराचा व्यवहार ठरला. आजी आता मुलाकडे पुण्याला राहायला जाणार. नातीला दमा आहे आणि घरात केसाळ जनावर नको असं डॉक्टरांनी सांगितलंय. कारण एवढंच, आणि ते पुरेसं आहे. रतलामीला नवं घर शोधायचं, हा एक रस्ता. ‘सांभाळायचं नव्हतं तर आणलं कशाला’ असं म्हणणारी पुष्कळ माणसं आम्हाला चित्रीकरणाच्या काळात भेटली. त्यांच्यापैकी एकानेही ‘द्या, मी नेतो’ असं म्हटलं नाही.

(दृश्य : बायपास. ढाब्याच्या मागे उभं असलेलं लॅब्रॅडॉर. गळ्याचा जवळून घेतलेला शॉट.)

दुसरा रस्ता हा. गळ्याभोवतीचे केस झिजून वर्तुळ पडलंय, पट्टा काल-परवाच काढलेला आहे. गाडीतून आणायचं, दार उघडायचं, निघून जायचं. ‘कुणीतरी खायला घालेल’ असं स्वतःला सांगायचं. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा इलाखा ठरलेला असतो. आयतं घरात वाढलेलं जनावर त्या इलाख्यात उतरलं की पहिल्या रात्रीच त्याला चावे बसतात. 1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा यालाही गुन्हाच म्हणतो. जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं, कलम 11. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. पन्नास रुपयांत सराफ्याच्या खाऊबाजारात दोघांचे गराडूसुद्धा, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, नीट होत नाहीत.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर पहिला फोटो.)

आजींच्या पुतणीने काढलेला हा पहिला फोटो. ग्रिलला बांधलेला रतलामी, फ्लॅशमुळे हिरवे चमकणारे डोळे, मागे वाळत घातलेले परकर. खाली मजकूर : ‘गावठी कुत्रा फुकट देणे आहे.’ दोन दिवसांत सात फोन आले. सातही जणांनी पहिला प्रश्न एकच विचारला, चावतो का? राखणीला हवा होता. ‘फुकट’ शब्दाला गिऱ्हाईकच तसं येतं. जातिवंत मादी असती तर पिल्लं विकणाऱ्यांचेही आले असते. म्हणून नसबंदी न झालेलं जनावर दुसऱ्याच्या हाती देऊ नये. रतलामीची वर्षाचा असतानाच झाली आहे.

(दृश्य : दुसरा फोटो काढताना. पुतणी जमिनीवर पालथी पडली आहे.)

दुसरा फोटो असा काढला. सकाळचं ऊन, कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, साखळी नाही. बाजूला आजींचा हात, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. त्याला जोडून वीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यात तो दोरीने चालतो, दाराची घंटा वाजल्यावर काय करतो तेही दिसतं. पुतणी पालथी पडली तेव्हा रतलामी तिच्या पाठीवर जाऊन बसला होता. तो भाग आम्ही कापलेला नाही.

मजकूर आजींनी स्वतः लिहिला, वहीच्या पानावर.

(दृश्य : वहीचं पान. निळी शाई.)

‘फटाक्यांना घाबरतो. पलंगाखाली मुततो. दिवाळीच्या आत नेऊ नये. मांजरीमागे धावतो, पकडत नाही. कचऱ्याच्या गाडीबरोबर गातो, हे बंद होणार नाही. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट वर्ज्य. उकडलेलं अंडं आवडतं, घरात चालत नसेल तर आधी सांगावं.’

पुतणीचं म्हणणं, एवढं खरं लिहिलं तर कोण नेईल? आजींनी ओळ खोडली नाही. खोड लपवून दिलेलं जनावर पंधरा दिवसांत परत येतं, नाहीतर कुठेच येत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच.

दुसऱ्या नंबरचा कागद हा.

(दृश्य : लसीकरणाची पुस्तिका. पानावर हळदीचं बोट.)

दर वर्षाची रेबीजची लस, इतर रोगांची एकत्र लस, जंतांची औषधं. प्रत्येक तारखेसमोर लशीच्या बाटलीवरून सोलून चिकटवलेलं लेबल आणि डॉक्टरांची सही. दोन लेबलं अर्धवट फाटलेली आहेत, पण बॅच नंबर वाचता येतो. घेणाऱ्याच्या हातात पिशवी, वाटी, दोरी काहीही नसलं तरी चालेल, ही पुस्तिका हवीच.

(दृश्य : तीन घरं, एकापाठोपाठ एक.)

फोटो नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरला, भाजीवालीने चार घरी सांगितलं, हळदीकुंकवाला विषय निघाला. शेवटी तीन घरं उरली. आजी तिन्ही ठिकाणी गेल्या, आम्ही मागे कॅमेरा घेऊन.

पहिलं घर नव्हतंच, गोदाम होतं. माणूस बोलायला गोड. ‘माताजी, राजासारखा ठेवू.’ दाराशी जी साखळी दिसतेय ती राजाची. आजी चहा न घेता उठल्या.

दुसरं नवरा-बायकोचं, दोघं नोकरी करणारी, कुत्र्याचा खरा लळा असलेली. घर भाड्याचं. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीव-जंतू कल्याण मंडळाने स्पष्ट केलं आहे. पण घरमालकाने अकरा महिन्यांनी करारच वाढवला नाही तर? मालकाकडून दोन ओळी लिहून आणा, असं आजींनी सांगितलं. त्या ओळी आल्या नाहीत. रतलामी त्या घरी सगळ्यात जास्त शेपटी हलवत होता. पण तो कुरिअरवाल्यालाही तितकीच हलवतो. त्यावर घर ठरवायचं नसतं.

(दृश्य : सुदामानगर. निवृत्त काका-काकू. टेबलावर दोन पुस्तिका शेजारी शेजारी.)

तिसऱ्या घरी आजींनी बसल्या बसल्या विचारलं, ‘तुमचं आधीचं कशानं गेलं?’

काकू आत गेल्या आणि कपाटातून एक पुस्तिका घेऊन आल्या. तेरा वर्षांची लेबलं. शेवटच्या पानावर मूत्रपिंडाच्या तपासणीचे आकडे, त्यानंतर कोरी पानं. आजींनी एकेक पान उलटून पाहिलं. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. चित्रीकरण सलग आहे, आम्ही इथे तेवढी दोनच मिनिटं ठेवली आहेत.

(निवेदन नाही. फक्त पंख्याचा आवाज.)

(दृश्य : वेल्डिंगच्या ठिणग्या.)

फाटक कमरेइतकंच होतं, रतलामी सहज उडी मारून गेला असता. काकांनी वर जाळी बसवून घेतली. वेल्डर म्हणाला, ‘भिया, कुत्ता है कि शेर?’ ठिणग्या रतलामी रस्त्यापलीकडून बघतो आहे. ही त्याची दुसरी भेट. अशा चार भेटी झाल्या : पहिली तासाभराची, शेवटची रात्रीच्या मुक्कामाची. दर वेळी परत आणलं. एकदम नेऊन सोडण्यापेक्षा हे फार बरं. घराचा वास, जिना, मोरी, शेजारचा स्कूटर, सगळं थोडंथोडं ओळखीचं होतं.

मांजरीचं गणित उलटं. तिला नव्या घरी नेलं की आधी एकाच खोलीत ठेवायचं, आठ-पंधरा दिवस. तिची रेतीची पाटी, पाणी, लपायला खोकं तिथेच. आणि घरात पिंजऱ्यातला पोपट असेल तर तो कुणालाच देता येत नाही, कारण देशी पोपट ठेवणंच 1972च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. वनखात्याला कळवायचं. ताऱ्यांच्या पाठीचं कासवही त्यातच आलं. आमच्याकडे यांपैकी कशाचंच चित्रण नाही, तेव्हा पुढे जाऊ.

(दृश्य : देवघर. चांदीचा टाक, बोटाच्या पेराएवढा.)

मार्गशीर्षातली षष्ठी, चंपाषष्ठी. खोकी बांधून झाली तरी देवघर तेवढं बाकी आहे. राजवाड्यात होळकरांचा मल्हारी मार्तंड आहे, तसा आजींच्या घरी हा टाक. घोड्यावर खंडोबा, शेजारी म्हाळसा आणि घोड्याच्या पायांशी कुत्रं. घासून घासून देवाचं नाक गेलंय, कुत्र्याची शेपटी अजून दिसते. आज नैवेद्य भरीत-रोडग्याचा, आणि या दिवशी कुत्र्यालाही वाढतात. भरितात पातीचा कांदा असतो. म्हणून रतलामीच्या बशीत फक्त रोडगा, वर तुपाचं बोट.

(दृश्य : बशी.)

त्याच संध्याकाळी साध्या कागदावर करार झाला. तीनच कलमं. रतलामी परस्पर तिसऱ्याला द्यायचा नाही. नाही जमलं तर आधी आजींना किंवा पुतणीला फोन. वर्षातून एकदा लशीच्या पानाचा फोटो पाठवायचा. कोर्टात याचं काय वजन पडेल ते वकील सांगतील. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला, सही केली, आणि तारीख घालायची राहिली म्हणून पेन परत मागून घेतलं.

(दृश्य : रिक्षा. आजींच्या मांडीवर न धुतलेली गोधडी.)

गोधडी मुद्दाम धुतलेली नाही. नव्या घरात पहिल्या रात्री तेवढाच वास त्याच्या ओळखीचा. गळ्यातल्या पट्ट्यावर पत्र्याची चकती, तिच्यावर आता काकांचा नंबर कोरलेला आहे, जुना घासून काढला. त्याची बशी पण आली आहे. पहिले काही दिवस आंघोळ नको, पाहुणे नको, दोरीशिवाय फाटकाबाहेर अजिबात नको, हे काकूंना पाठ झालंय. कुत्रं रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं पाळणारे लोक म्हणतात. पहिल्या तीन दिवसांत घाबरतं, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. हा ठोकताळा आहे, पण माणसाला धीर धरायला उपयोगी पडतो.

(दृश्य : फाटकाशी आजी. कॅमेरा पाठमोरा. निवेदन नाही.)

(दृश्य : इंदूर स्टेशन. पुण्याची गाडी.)

आजी दुसऱ्या दिवशी गेल्या.

पुढच्या नऊ दिवसांचं चित्रण आमच्याकडे नाही. दोन दिवस रतलामी जेवला नाही, चौथ्या दिवशी दूधवाल्याच्या पायांमधून निसटला, संध्याकाळी चकतीवरचा नंबर वाचून कुणीतरी फोन केला.

(दृश्य : दहावा दिवस. सुदामानगर, सकाळ.)

इथे कचऱ्याची गाडी वीस मिनिटं उशिरा येते. गाणं तेच. काकू ओला डबा घेऊन फाटकाशी उभ्या आहेत. रतलामी पायरीवर, गोधडीचं एक टोक तोंडात धरून. गाडी कोपऱ्यावर वळते. तो गोधडी खाली ठेवतो.

(आवाज वाढतो. निवेदन नाही.)