डॉक्टरचा पगार कुठनं येतो?

नमस्कार मंडळी, आज डॉक्टरांच्या पगाराबद्दल बोलायचंय. म्हणजे सरकारी दवाखान्यात आपल्याला जो डॉक्टर तपासतो त्याला पैसे कोण देतं, कशाचे देतं आणि त्यावरनं तो आपल्या वाट्याला किती येतो हे कसं ठरतं ते.

आपल्या सोलापुरातच बघा की, सिव्हिल हे वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं, म्हणून तिथले डॉक्टर वैद्यकीय शिक्षण खात्याचे. महापालिकेच्या दवाखान्यातला डॉक्टर पालिकेचा, खेड्यातलं पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं. लोकांना सगळं एकच सरकार वाटतं पण प्रत्येकाची तिजोरी वेगळी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने उपचार मोफत केले ते सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं दुसऱ्या खात्याची म्हणून त्यात नव्हती. हे कुणी नीट सांगत नाही आणि माणूस खिडकीवर उभा राहून गोंधळतो.

आता आपल्या विडी कामगार बायांचं घ्या. पूर्व भागात दुपारी कुठल्याही गल्लीत जा, उंबऱ्याशी बाई बसलेली असते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापात कापलेली पानं, पान वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं, बोलता बोलता बोटं चालूच. दिवसभर तो तंबाखूचा वास नाकात, मान खाली, कंबर वाकलेली, मग खोकला आणि पाठदुखी काय सुटते होय. या बायांसाठी १९७६ साली केंद्राने कायदा केला, विडीवर सेस लावला आणि त्या पैशातनं विडी कामगारांचे दवाखाने, पोरांची स्कॉलरशिप, घरांना मदत असं सगळं चालायचं. म्हणजे बाईने वळलेल्या विडीवर जो कर बसायचा त्यातनंच तिच्या डॉक्टरचा पगार. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते कारण त्या पैशाचं नाव ठरलेलं होतं, तो दुसरीकडे वळवायचा म्हटलं तर कायदा आडवा यायचा. २०१७ ला जीएसटी आला आणि हा सेस गेला. दवाखाने बंद झाले असं नाही, पण आता पैसा सर्वसाधारण बजेटमधनं येतो, तिथं शंभर खाती हात पसरून उभी, आणि विडीवाल्या बाईच्या बाजूने भांडणारं कोण आहे?

कारखान्यात पगारावर असलेल्यांना ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा आहे, १९४८ च्या कायद्याने सुरू झालेला. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर कामगाराचे पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. जर्मनीत १८८३ पासून साधारण याच पद्धतीचा विमा आहे. ब्रिटनने १९४८ ला वेगळंच केलं, सगळा खर्च मुख्यतः करातनं, आणि फॅमिली डॉक्टरला पैसे मिळतात ते त्याच्याकडे नाव नोंदवलेल्या माणसांमागे, माणूस त्या वर्षी आजारी पडो न पडो. त्यामुळं माणसं धडधाकट राहिली तर डॉक्टरचं काही बिघडत नाही, उलट त्याचं काम हलकं होतं.

आपल्याकडे मात्र गेल्या काही वर्षांत पैसा वाहतोय ऑपरेशनकडे. जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं, पुढं तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं आणि आता केंद्राची आयुष्मान योजना धरून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे. या योजनेनं लोकांची घरं वाचलीत, शेत विकायची वेळ टळलीय, त्यात शंका नाही. पण पैसे मिळतात ठरलेल्या पॅकेजला, हॉस्पिटलात भरती झाल्यावर. ओपीडीत बसून बीपी बघणारा, शुगरची गोळी चालू आहे का विचारणारा, खोकला तीन आठवडे का गेला नाही म्हणून थुंकी तपासायला पाठवणारा जो डॉक्टर, त्याच्यासाठी या योजनेत एक रुपया नाही. बीपीची गोळी वर्षानुवर्षं मिळाली तर स्टेंटपर्यंत गोष्ट जातच नाही बऱ्याच जणांची, आणि आपण स्टेंटला पैसे ठेवलेत, गोळी देणाऱ्याची खुर्ची रिकामी ठेवलीय.

देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे बघायला नेमलेल्या भोर समितीने १९४६ लाच सांगितलं होतं की सरकारी डॉक्टर पूर्णवेळ पगारी असावा, त्याने खासगी प्रॅक्टिस करू नये आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवू नये. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं. ते वाढलेले पैसे आधी पीएचसीतल्या आणि शहरातल्या वस्तीच्या दवाखान्यातल्या कायम डॉक्टरवर खर्च व्हावेत असं माझं स्पष्ट मत आहे. अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर आलेला डॉक्टर पोरगा पेशंटचं नाव ओळखायला लागतो तोवर त्याची मुदत संपते, मग नवीन येतो, पुन्हा पहिल्यापासनं सगळं सांगा.

पीएचसीला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या हातात थोडा निधी असतो, तिच्यात आपले लोकप्रतिनिधी बसतात. पुढच्या ग्रामसभेत एवढं विचारा: आपल्या पीएचसीला डॉक्टरच्या जागा मंजूर किती, भरलेल्या किती, त्यातले कायम किती. आणि उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.