आधी खिळा ठरवा, कंप्रेसर नंतर

मंडळी, घरी सुतारकाम करणारा माणूस हवेच्या दाबाने खिळे मारणारी गन आणि तिला दाबलेली हवा पुरवणारा कंप्रेसर घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंप्रेसर किती एचपीचा घेऊ? माझं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी काम ठरवा, त्या कामाला कोणता खिळा लागतो ते पाहा, मग गन निवडा आणि त्या गनला पुरेल एवढी हवा देणारा कंप्रेसर घ्या. बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, तिथे सुतारकामही रीतसर शिकवलं जाई. हातकामाचा हिशेब मांडायची सवय या शहराला जुनी आहे. आपणही आज हिशेबच मांडू.

गनच्या खिळ्याचं काम काय? जोड पेलणं हे त्याचं काम नव्हे. जोड पेलतो फेविकॉल, आणि फेविकॉल सुकेपर्यंत दोन फळ्या जागच्या जागी धरून ठेवतो तो खिळा. क्लॅम्प लावून रात्रभर थांबायचं ते वाचतं, ही त्याची मोठी कामगिरी. म्हणून ड्रॉवरची पेटी, फोटोची चौकट, प्लायच्या कडेची पट्टी, बीडिंग अशा कामांत गनसारखं सुख नाही. पण आपल्याकडे घराघरात झोपाळा असतो. त्याच्या पाटाला किंवा कड्यांच्या जागेला गनचा खिळा कधीही मारू नका. जिथे माणसाचं वजन हलतं तिथे साल-चूल (खाचेत कूस बसवलेला जोड), बोल्ट, नाहीतर स्क्रूच हवा. संखेड्याचा लाखरंगी सागवानी झोपाळा असो की साध्या फळीचा, नियम एकच.

आता जाडी. खिळ्याची जाडी ‘गेज’च्या आकड्यात सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा तितका खिळा बारीक, हे सुरुवातीला गोंधळात टाकतं. २३ गेजची पिन जेमतेम ०.६ मिलिमीटरची असते. तिला डोकं नसतं, भोक दिसतही नाही, आणि पकडही तेवढीच. १८ गेजचा खिळा साधारण सव्वा मिलिमीटरचा, १६ गेजचा दीड मिलिमीटरच्या आसपास. आपल्या बाजारात गेजपेक्षा नंबर चालतो: ‘एफ-३०’ म्हणजे १० ते ३० मिलिमीटर लांबीचे १८ गेजचे खिळे मारणारी गन, ‘टी-५०’ म्हणजे ५० मिलिमीटरपर्यंतचे १६ गेजचे खिळे मारणारी. कपाटाच्या मागचा पातळ प्लाय, गादीचं कापड यांसाठी ‘१०१३-जे’ नावाची स्टेपल मारणारी गन वेगळी मिळते. लांबी ठरवायची सोपी रीत अशी की वरच्या तुकड्याच्या जाडीच्या अडीच ते तीनपट खिळा घ्यावा. १० ते १२ मिलिमीटरच्या पट्टीला ३० चा खिळा झाला, म्हणजे एफ-३० पुरे. १८ मिलिमीटरचा प्लाय प्लायच्या कडेत मारायचा असेल तर ४५-५० लागतो, तिथे एफ-३० पुरत नाही, टी-५० घ्यावी. एकच गन परवडत असेल तर मी आधी एफ-३० घ्यायला सांगेन. घरातलं बहुतेक काम पट्ट्यांचं आणि छोट्या पेट्यांचं असतं.

गन हातात घेऊन पाहा. तिच्या तोंडाशी सुरक्षेचा दांडा आहे का? तो लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटता कामा नये. स्वस्तातल्या काही गनना तो नसतोच, नुसता घोडा ओढला की खिळा हवेत सुटतो. घरात मुलं असतात. दोनशे-चारशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे. दुसरी गोष्ट, बारीक खिळा लाकडाच्या रेषांबरोबर वळतो आणि पट्टीच्या बाजूने बाहेर येतो. सागवानात हे हमखास दिसतं. म्हणून पट्टी धरणारं बोट खिळ्याच्या लांबीपेक्षा दूर ठेवायचं, आणि चष्मा घालायचाच.

आता हवेचं गणित. एफ-३० ला एका खिळ्यासाठी एक लिटरहून कमी हवा लागते, दाब साधारण ५ बार (बार हे दाबाचं माप). टाकी २४ लिटरची आणि दाब ८ बार असेल तर ८ वरून ५ वर येईपर्यंत ३ गुणिले २४, म्हणजे ७२ लिटर हवा हाताशी असते. मोटर बंद ठेवली तरी सत्तर खिळे निघतील. घरी एका दमात कोण सत्तर खिळे मारतं? तेव्हा खिळ्यांसाठी एक एचपी आणि २४ लिटर भरपूर झाले. स्प्रेगनने पॉलिश करायचं असेल किंवा हवेवर चालणारा, लाकूड घासणारा सँडर वापरायचा असेल तर मात्र हिशेब पालटतो. त्यांना हवा अखंड लागते, आणि घरगुती मोटर धापा टाकते.

डब्यावरचा सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते त्याचा, आकडा बहुधा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून बरीच कमी. दुकानातच घड्याळ लावा. २४ लिटरची रिकामी टाकी ८ बारपर्यंत दोन मिनिटांत भरली, तर १९२ लिटर हवा दोन मिनिटांत, म्हणजे मिनिटाला ९६ लिटर. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर, तेव्हा हा साडेतीन सीएफएमच्या आतलाच कंप्रेसर. दुकानदार काहीही म्हणो, घड्याळ खरं बोलतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आवाजाचा विचार आधी करावा. तेलाशिवाय चालणारी, कमी फेऱ्यांची ‘सायलेंट’ मोटर महाग पडते, पण शेजारी टिकतात. जुन्या वाड्यात किंवा बंगल्यात राहत असाल तर तेलाचा, पट्ट्यावर चालणारा कंप्रेसर वर्षानुवर्षं साथ देतो. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते, म्हणून बारीक तारेचा लांब एक्स्टेन्शन बोर्ड नको. कंप्रेसर १५ अँपिअरच्या सॉकेटजवळ ठेवा आणि हवेचा पीयू (लवचिक प्लास्टिकचा) पाईप लांब घ्या.

आपल्यातल्या ज्यांनी बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत किंवा एखाद्या कारखान्यात नोकरी केली, त्यांना कोरड्या हवेची किंमत सांगायला नको. मीटरवर ८ बार म्हणजे, बाहेरच्या हवेचा एक बार धरून, हवा नऊपट दाबली जाते, तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुलै-ऑगस्टात हे पाणी वाटीभर निघू शकतं. काम संपलं की खालचा कॉक उघडून टाकी रिकामी करा, नाहीतर ती आतून गंजते, आणि गंजलेली टाकी दाबाखाली फाटू शकते. गनला हवेचा पाईप जोडतो त्या भोकात हवेच्या हत्यारांचं तेल दोन-तीन थेंब घाला. जिथे मिळेल तिथलं इंजिन ऑइल घालू नका, आतल्या रबरी रिंगा फुगतात.

आणि एक ताकीद. कंप्रेसर बिघडला म्हणून वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर गनला जोडण्याची कल्पना कुणी सुचवली तर त्याला तिथेच थांबवा. गनच्या आत तेल असतं, दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं आणि गन हातातच फुटते. पाण्याचा पीव्हीसी पाईपही हवेसाठी वापरायचा नाही. तो फुटला की त्याच्या चिपा गोळीसारख्या उडतात. हवेसाठी बनवलेला पाईप आणि दाबाचा आकडा छापलेले कपलर (पाईपचे जोड) बडोद्यात सियाबागपासून मांडवीपर्यंत कुठल्याही चांगल्या हार्डवेअरच्या दुकानात मागा. आकडा छापलेला नसेल तर दुसरं दुकान गाठा.